सिस्टर आणि उत्तरेची खोली

“आडवे व्हा.”

सिस्टर माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या एवढंच. मी काही पेशंट नव्हतो. ठेकेदाराचा सुपरवायझर होतो, भोरहून मोटरसायकलवर आलो होतो आणि हातात नकाशा होता. वेल्ह्याच्या पुढं एक जुना दगडी विश्रामबंगला होता. त्याचा दवाखाना करायचा होता आणि तोही असा, की विजेची फार वाट बघावी लागू नये. अंगणात सोलरच्या पाट्या बसणार होत्या.

सिस्टर शेजारच्या दोन खोल्यांच्या उपकेंद्रात नर्स होत्या. मूळच्या सारोळ्याकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. बंगल्यात त्यांनी एक लोखंडी खाट आणून ठेवली होती. कामाला जो येईल त्याला त्या खाटेवर झोपवायच्या.

“उभ्यानं खोली कळत न्हाई,” म्हणायच्या. “पेशंट उभा नसतो.”

मी आडवा झालो. प्लंबर झाला. रंगारी आडवा झाला आणि तिथंच झोपी गेला. ती खोली सिस्टरनी पास केली.

पुण्याचे इंजिनिअर एप्रिलमध्ये आले, दुपारी तीनला. नकाशात बाळंतपणाची खोली पश्चिमेला होती, तिला एसी होता. सिस्टरनी खाट तिकडं ओढत नेली.

“साहेब, आडवे व्हा.”

“मी?”

“बाई आडवीच असती.”

साहेब बूट काढून आडवे झाले. खिडकीतलं ऊन थेट तोंडावर आलं. पाच मिनिटांनी ते उठायला लागले.

“पडा. अजून धा मिन्टं.”

“सिस्टर, एसी लागणार आहे इथं.”

“पावसात हितं आठ आठ दिस ऊन नसतं. लाइटबी नसती. मग एसी काय ढगावर चालवायचा?”

साहेब दहा मिनिटं पडून राहिले. मग उठून मान पुसली आणि विचारलं, “कुठली खोली हवी?”

उत्तरेची. नकाशात ती स्टोअर होती. भिंती दोन हात जाड, आणि वरचे दोन झरोके कुणीतरी विटांनी बुजवलेले. साहेबांनी स्वतःच्या पेनानं ‘स्टोअर’ खोडलं, एसीही खोडला. झरोके आम्ही उघडले. खोली गार राहिली. बॅटरीवर आता फक्त दिवे, दोन-तीन पंखे, एक कॉम्प्युटर आणि लसींचा फ्रीज एवढाच भार राहिला.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी कौलं बदलायला गेलो आणि अडकून पडलो. रस्त्यावर दरड आली होती, वीज जाऊन तीन दिवस झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी वरच्या धनगरवाड्यावरून एका बाईला डोलीतून खाली आणलं. पहिलटकरीण होती. अँब्युलन्स दरडीच्या पलीकडं उभी होती.

दुपारी इतकं अंधारून आलं की दिव्यावाचून काही दिसेना. आतून सिस्टरनी विचारलं, “बॅटरी किती हाय?”

“एकच काडी दाखवतीय.”

“म्हंजी किती येळ?”

“संध्याकाळपर्यंत संपेल.”

“संपून चालायचं न्हाई. काय बंद करायचं ते करा. फ्रीजला हात लावू नका.”

मी व्हरांड्यातला दिवा, कॉम्प्युटर, सगळे पंखे बंद केले. मग करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून फेऱ्या मारत राहिलो. बाईची सासू भिंतीला टेकून बसली होती.

“तुमी डाक्टर हाय का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग बसा.”

मी बसलो. चारच्या सुमाराला आत बाळ रडलं. सासूनं डोळे मिटले आणि दोन्ही हात जमिनीला लावले. थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आल्या.

“मुलगी हाय. दोगी बऱ्या हायत. आनि कोपऱ्यातल्या कौलातनं पानी टपकतंय, तेवढं बघा.”

मी कौल बघून आलो तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. हात धुऊन झाले होते, तरी पुन्हा पावसात धरून धूत होत्या.

“आदीच्या गावाला असंच आलं हुतं एक,” त्या म्हणाल्या. “लाइट न्हवती. नवरा मोबाईलचा उजेड धरून उभा. मोबाईल मधीच इझला.”

“मग?”

“आई राह्यली. मूल न्हाई.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. कॉम्प्युटर परत लावू का, असं मी विचारलं. “उद्या,” म्हणाल्या.

मे महिन्यात त्यांच्या बदलीचा कागद आला. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. लसीकरणाचा वार होता. नव्या सिस्टरना फ्रीज, औषधं, वह्या समजावून दिल्या आणि दुपारच्या एसटीला उभ्या राहिल्या. मी बॅग उचलायला गेलो होतो.

एसटी सुटता सुटता ती सासू डोंगरावरून उतरून आली. धापा टाकत होती. खिडकीतून तिनं आत एक काळी घोंगडी ढकलली.

“आवं, उन्हाळा हाय,” सिस्टर म्हणाल्या.

“असंना.”

गाडी हलली. सिस्टर ती परत देणार, असं मला वाटलं. कधी कुणाची काकडीसुद्धा त्यांनी घेतली नव्हती. पण मार्गासनीकडच्या वळणावर गाडी वळली, तेव्हा खिडकीतून त्या दिसल्या. भर मे महिन्यात घोंगडी छातीशी होती, आणि दोन्ही हात घोंगडीच्या आत.