टाकीच्या चढावरचे पावणेदोन सेकंद

गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द लिहावेत असं घरातल्यांनी सुचवलं, तेव्हा हजेरीबाबूंच्या पहिल्यांदा लक्षात आलं की आपला मेहुणा आपल्याला फक्त डाव्या बाजूने ठाऊक आहे. बावीस वर्षं ते त्याच्या शेजारच्या सीटवर बसले. डावा कान, कानामागची भाजल्याची खूण, मनगटावरचं ग्रीस, गिअर बदलताना दातांत धरलेला ओठ, एवढं डोळे मिटूनही सांगता येईल. समोरून चेहरा आठवायला गेलं की धूसर होतो. त्याला कशाची भीती वाटायची, लग्न का केलं नाही, एकटा असताना काय करायचा, हे विचारायचं राहूनच गेलं. हे लिहिणारा तोच हजेरीबाबू. पण ‘मी’ लिहायला हात धजत नाही, म्हणून त्यांना परकं करूनच सांगितलेलं बरं.

मेहुणा गाड्यांचा मिस्त्री होता. एका गाडीपुरतं गॅरेज, पत्र्याचं शटर, आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत, शाळेतल्या रांगेसारखे. बाजारात त्याला सगळे ‘पावसेकंद’ म्हणायचे. कारण गाडीत काहीही बदल केला की तो एकच प्रश्न विचारायचा, "पाव सेकंद तरी वाचला का?" आणि मोजल्याशिवाय त्याचं उत्तर द्यायचा नाही.

पोरं यायची. कुणाला मोठा आवाज करणारा सायलेन्सर हवा असायचा, कुणाला बॉनेटवर पट्टे. त्यांच्या गाड्या साध्या असायच्या, टर्बो वगैरे काही नाही. पावसेकंद म्हणायचा, "हे इंजिन स्वतःच्या छातीने श्वास घेतं. त्याला कुणी बाहेरून फुंकर मारत नाही. तेव्हा आधी त्याचं नाक साफ करू." मग तो एअर फिल्टर काढून झटकायचा, प्लगमधलं अंतर पातळ पट्टीने तपासायचा, टायरमध्ये हवा भरायचा आणि डिकी उघडायला सांगायचा.

"हे काय रे?"

"सासूबाईंचं शिलाई मशीन. दुरुस्तीला द्यायचंय."

"किती महिने?"

"सात."

"मग आधी सासू उतरव, मग सायलेन्सरचं बघू."

असा फुकटात गाडी हलकी करून देणारा मिस्त्री. पैसे कमवायची कला त्याच्याकडे नव्हतीच.

त्याचं स्वतःचं काम दुसरंच होतं. त्याच्याकडे एक जुनी चौकोनी गाडी होती. थोड्या खर्चात साधं इंजिन किती पळवता येतं, ते त्याला या गाडीवर बघायचं होतं. वर्षभर तो तिच्यासाठी धूर बाहेर काढणाऱ्या चार नळ्यांचा एक जुडगा बनवत होता. चारही सिलिंडरच्या नळ्या अगदी सारख्या लांबीच्या हव्यात, आणि जिथे एकत्र येतील तिथे एकीचा धूर दुसरीच्या आड येता कामा नये. नळीत वाळू ठासून, तापवून, हाताने वाकवायचा. दोन झाल्या होत्या. त्या दोन नळ्या बघितल्या तर ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही कळावं की हे काम कुणाच्याही हातून होणारं नाही.

मोजणी रविवारी सकाळी सहाला, पाण्याच्या टाकीच्या चढावर. खालच्या मोरीपासून तो ॲक्सिलरेटरवर पाय दाबायचा, चढाच्या पायथ्याशी पांढरा दगड होता तिथे हजेरीबाबूंनी घड्याळाची कळ दाबायची आणि वर टाकीच्या फाटकाशी पुन्हा दाबायची. त्याचे डोळे रस्त्यावर, दगड बघणं यांचं काम. तीन फेऱ्या. पेट्रोल अर्धी टाकी, टायरची हवा तीच, वारा असेल तर परत घरी. हजेरीबाबूंचं वजनही तेच हवं. गॅरेजातल्या वजनकाट्यावर त्यांना उभं करायचा आणि नंतर बहिणीला ऐकवायचा, "ताई, भावजींना काल जेवायला काय घातलंस? एक किलो जास्त भरले. माझा पाव सेकंद गेला ना यांच्या पोटात!"

हजेरीबाबूंना घड्याळ देण्यामागे कारण होतं. ते कारखान्याच्या फाटकावर हजेरी घ्यायचे. आठ वाजून एक मिनिट झालं की लाल शाई. "बाबू, एकच मिनिट हो," म्हणून माणसं हात जोडायची, हे वर न बघता म्हणायचे, "मिनिट म्हणजे मिनिट." नाकासमोर चालणारा माणूस. मेहुण्याला याचा केवढा अभिमान. "अख्खा कारखाना यांच्या काट्यावर चालतो," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. हजेरीबाबूंना उभ्या आयुष्यात इतका मान दुसऱ्या कुणी दिला नाही.

मग ती प्लॅस्टिकच्या नळीची गोष्ट घडली.

बॉनेटखालची हवा तापलेली असते, तापलेली हवा विरळ, आणि विरळ हवेत पेट्रोल नीट जळत नाही. म्हणून पावसेकंदाने गच्चीवरचं पाणी खाली आणायला लावतात तसली नळी आणली, इस्त्रीवर तापवून वाकवली, आणि पुढच्या जाळीपासून एअर फिल्टरपर्यंत नेली, म्हणजे इंजिनाला बाहेरची थंड हवा मिळेल. खर्च जवळजवळ नाहीच. त्याची अपेक्षा होती पाव सेकंद, मिळाला तर.

दीड महिन्याने ते चढावर गेले होते. आधीची वेळ एकतीस सेकंद. पहिली फेरी झाली, हजेरीबाबूंनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा बघितलं. सव्वाएकोणतीस.

"भावजी, थट्टा नको हं."

"थट्टा कशाला करू?"

दुसरी फेरी, तेच. तिसरी, तेच. पावणेदोन सेकंद! टाकीपाशी गाडी थांबवून तो खाली उतरला, बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला, आणि मग गाडीभोवती चक्क नाचला. चाळिशीचा माणूस. "गच्चीची नळी, भावजी! मी वर्षभर लोखंड वाकवत बसलो, आणि गच्चीच्या नळीने काम केलं!"

परत उतरताना हजेरीबाबूंना दिसलं. चढाच्या पायथ्याशी दगड दोन होते. जुना गवतात बुडाला होता, त्याचा चुना उडाला होता. रस्तेवाल्यांनी पुढे नवा पुरला होता, पांढराशुभ्र. तिन्ही फेऱ्यांना त्यांचा डोळा पांढऱ्यावर गेला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना त्यांनी पावलं मोजली. बत्तीस. गाडीला बत्तीस पावलं जायला लागतात तेवढे ते पावणेदोन सेकंद.

खरं तर दगड दिसले त्याच क्षणी, गाडीतच, सांगायचं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण शेजारी डाव्या बाजूने दिसणारा तो चेहरा हसत होता, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने लिहिणाऱ्या माणसाला स्वतःची चूक कोणत्या शाईत लिहावी हेच कळेना. त्यांनी ठरवलं, पुढच्या रविवारी जुन्या दगडावर कळ दाबू. आकडा आपोआप उघडा पडेल, तोंड उघडायला नको.

पुढचा रविवार आला. जुना दगड गेला. अंगठा कळीवर होता, हलला नाही. नवा दगड आला आणि अंगठा दाबला गेला. सव्वाएकोणतीस. आधीच्या रविवारी चूक होती. या रविवारी ते खोटं बोलले, आणि त्यानंतर दर वेळी बोलत राहिले. आकडे एकमेकांशी इतके जुळायचे की पावसेकंद म्हणायचा, "बघा, काटा कसा सरळ चालतो यांचा."

दोन नळ्यांचा तो अर्धा जुडगा त्याने भिंतीवर खिळ्याला टांगला. "आता याची काय गरज?" हजेरीबाबू गॅरेजात गेले की त्या खिळ्याकडे पाठ करून बसायचे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

नळी गिऱ्हाइकांच्या गाड्यांना लागू लागली. मजुरी तो घ्यायचाच नाही. कुणी कुरकुरायचं, "मिस्त्री, नळी लावली, पण गाडी होती तशीच बैलगाडी आहे." हा म्हणायचा, "तुझा पाय जड झालाय. आमच्या भावजींनी मोजलंय." ते वाक्य ऐकलं की हजेरीबाबूंचे कान गरम व्हायचे.

हे तीन वर्षं चाललं. मग गावातल्या मोठ्या वर्कशॉपात ताकद मोजायचं यंत्र आलं. गाडीची चाकं दोन रुळांवर ठेवायची, पट्ट्यांनी बांधायची, आणि जागच्या जागी पळवायची. पडद्यावर आकडा येतो. वर्कशॉपच्या मालकाने पावसेकंदाला बोलावलं. नळीचा गुण यंत्रावर दिसला तर इंजिन सुधारण्याचा सगळा विभाग त्याच्या हाती द्यायला तो तयार होता. शनिवारी, चारचौघांसमोर.

हजेरीबाबूंकडे पाच दिवस होते. सोमवारी ते गॅरेजपर्यंत जाऊन परत आले. बुधवारी आत गेले, तर तो नवीन सदरा घडी मोडून बघत होता. "कसा दिसतो, भावजी? ताईने घेतलाय. म्हणाली, तिथे ग्रीस लावून जाऊ नकोस." हे म्हणाले, "चांगला दिसतो," आणि घरी आले. बायकोने विचारलं, "तोंड का असं?" हे म्हणाले, "पित्त झालंय."

शनिवारी नळीशिवाय आकडा आला एकसष्ट हॉर्सपॉवर. नळी लावून साडेएकसष्ट. मागून कुणीतरी ओरडलं, "अर्धा घोडा सापडला हो! पुढचा का मागचा?" सगळे हसले.

पावसेकंद हसला नाही, चिडलाही नाही. "इथे गाडी उभी आहे," तो म्हणाला. "पंखा बाजूने वारा घालतोय. चढावर समोरून हवा आत शिरते. तिथे पावणेदोन सेकंद वाचतात."

मालक म्हणाला, "मोजले कुणी?"

"भावजींनी."

माना वळल्या. वर्कशॉपचा पहारेकरी पूर्वी कारखान्यात होता. तो म्हणाला, "मग साहेब, खरं असणार. या बाबूंनी एका मिनिटासाठी माझा अर्धा दिवस कापला होता. मुलगी आजारी होती तरी. यांचं घड्याळ चुकायचं नाही."

पावसेकंद त्यांच्याकडे बघत होता. त्या दिवशी मात्र तो समोरून दिसला असता. पण यांनी नजर वर केली नाही, यंत्राच्या पट्ट्याकडे बघत राहिले.

"खरं ना, भावजी?"

"हो," हजेरीबाबू म्हणाले.

मालक भला माणूस होता. बघू, कळवतो, म्हणाला. कळवलं नाही. बाजारात मात्र ‘अर्धा घोडा’ बरेच दिवस चालला. पावसेकंद पुन्हा ब्रेक आणि क्लच बदलू लागला. भाच्यांच्या सायकली दुरुस्त करायचा, ताईच्या मिक्सरला आपणच वायर घालायचा. भावजींना त्याने कधी एक शब्दानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मारलं असतं तर आणखी बरं.

बरीच वर्षं गेली. कारखाना बंद पडला, हजेरीबाबूंच्या गुडघ्यांनी संप केला, चढावरचे दोन्ही दगड रस्ता रुंद करताना गेले आणि त्यांच्या जागी लोखंडी पाट्या आल्या. रविवार अधूनमधून व्हायचे, सवय म्हणून. नव्या दगडाच्या जागेसमोर एक खांब होता, हजेरीबाबू आता त्याच्या खुणेवर कळ दाबायचे.

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी ते गॅरेजात गेले, तर भिंतीवरचा तो खिळा रिकामा होता. जुडगा टेबलावर होता, चारही नळ्यांचा, पुरा. शेवटचा जोड तो कानसीने साफ करत होता. कानस एका रेषेत जात होती.

"पूर्ण केलास?"

"म्हटलं, टाकून कशाला द्यायचं. बसवून बघू रविवारी." त्याने नळ्यांवरून अंगठा फिरवला. "गच्चीच्या नळीएवढं काही हे देणार नाही, भावजी. पण बघू."

हजेरीबाबूंना जी थोबाडीत कुणी मारायची राहिली होती, ती त्या वाक्याने मारली. जन्मात केलेलं त्याचं सर्वांत चांगलं काम टेबलावर होतं, आणि तो त्याला प्लॅस्टिकच्या नळीपेक्षा हलकं समजत होता, यांच्या अंगठ्यामुळे. नेहमीसारखं त्या खांबापासूनच मोजलं असतं तरी जुडग्याचा स्वतःचा फायदा दिसला असता, आणि खोटंही झाकलेलं राहिलं असतं. पण त्याच वेळी त्यांनी ठरवलं की आता हे नको. रविवारी चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवायला सांगायची, खाली उतरायचं, जुना दगड कुठे होता ते दाखवायचं, बत्तीस पावलं चालून दाखवायचं, आणि मग तो बोलेल ते ऐकायचं. गॅरेजात सांगायचा धीर नव्हता. चढावर होईल असं वाटलं.

शनिवारी दुपारी तो गाडीखालून बाहेर आला, पाणी मागितलं, आणि पाणी यायच्या आत गेला. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. जुडगा चारपैकी दोन बोल्टांवर लागलेला होता. तो आता तसाच आहे. हजेरीबाबूंना पाना धरता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यावासा वाटत नाही.

गुरुवारी निघताना ते दारात जरा रेंगाळले होते. त्याने मान वर न करता विचारलं, "काय, काही म्हणायचंय का?"

"नाही. रविवारी बोलू."

"सहाला. घड्याळाला चावी देऊन आणा."

"आणतो."

"आणि काहीतरी खाऊन या, भावजी. मागच्या वेळी दीड किलो कमी भरलात."

"खाऊन येतो," हजेरीबाबू म्हणाले.