घोंगडीवरची नदी

आमचे हे लढाईवरून परत आले ते दोन्ही पायांवर, धडधाकट. मला मेलीला वाटलं, सुटले एकदाची! कसलं काय. थोड्याच दिवसांत माझी परात गेली, पिठाची चाळणी गेली, मागची खोली गेली, आणि नवराही गेला म्हणा ना. दिवसभर खोलीत उकिडवे बसून माती कालवायचे.

इटलीत त्यांच्याकडे तेच काम होतं. हल्ल्याआधी जवानांना मुलूख समजावा म्हणून हे जमिनीवर वाळूचा नमुना करायचे. डोंगर, ओढे, घरं, सगळं बोटभर उंचीचं. साहेब छडीनं दाखवायचा, कुठं पोचायचं. एका पहाटे अशाच नमुन्यावरून ह्यांची तुकडी निघाली. पलीकडच्या गावात कुठल्या वाटेनं जायचं, ते साहेबानं ह्यांच्यावर सोपवलं होतं. मधली नदी कोरडी ठणठणीत. हे म्हणाले, नदीतनं चला. सगळ्यांत पुढं माझे धाकटे दीर, ह्यांचे सख्खे भाऊ. वाळूत सुरुंग पेरलेले होते.

आता कुणी म्हणेल, नदीतनं कशाला जायचं? अहो, माणदेशात नदी म्हणजेच रस्ता. पावसाचे चार दिवस सोडले तर मेंढरं, गाड्या, वराती, सगळं त्या वाळूतनंच जातं. मी वाईची. आमच्या कृष्णेत असं कुणी चालायला गेलं तर गटांगळ्याच खायचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा नदीतनं बैलगाडी जाताना बघून मी तोंडाला पदर लावून हसले होते. ह्यांना मात्र परमुलखात ती वाळू दिसली आणि घर आल्यासारखं वाटलं.

ही गोष्ट मला ठाऊक होती आणि हवालदारांना. हवालदार म्हणजे ह्यांचे चुलते, आधीच्या लढाईत एक पाय तिकडंच ठेवून आलेले. आत्याबाईंना, माझ्या सासूला, एवढंच सांगितलं होतं की गोळी लागली आणि जागच्या जागी संपलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, “पोराचं तोंड तर दिसलं न्हाई. जागा तरी दाव मला.”

म्हणून हा सगळा उद्योग. आधी गोणपाटावर माती लिंपली. ती वाळली की तडकायची, आणि गुंडाळलं की पोपडे सुटायचे. केर काढता काढता माझे हात मोडले; मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी आत्याबाईच उठल्या. त्यांच्या माहेरी घोंगड्या विणायचे. त्यांनी चिंचोके भाजून, भरडून, शिजवून त्यांची खळ करून दिली आणि दिरांची घोंगडी ह्यांच्यापुढं टाकली. “हे घोंगडं घे. ज्याचं हाय त्यो काय आता पांघरायला येतोय?”

खळीत माती कालवून ती घोंगडीवर सारवली, अगदी भुई सारवतात तशी. लोकरीनं माती अशी धरून ठेवली की गुंडाळा, उलगडा, कणभर सांडायची नाही. सुताराकडून भुसा आणून हिरवा-पिवळा रंगवला, खळीवर भुरभुरला, झालं गवत. बाभळीचे शेंडे खोचून झाडं केली. खड्यांवर खडे बसवून बांधाच्या भिंती केल्या. डोंगरासाठी खाली उशा. नदीत मात्र आमच्याच माणगंगेची वाळू, माझ्या चाळणीनं चाळलेली. अंगठ्याएवढे शिपाई चुलीत भाजून काढले, आणि एकाच्या गळ्यात लाल दोरा बांधला. ते माझे दीर.

मग दोघांचा खेळ सुरू झाला. हवालदार शत्रू. ते वाळूत चिंचोके पुरून ठेवायचे, ते सुरुंग. हे शिपाई वीतभर पुढं सरकवायचे, हवालदार कवड्या टाकायचे. त्यांच्या बंदुकीच्या नजरेत शिपाई असला आणि कवड्या उताण्या पडल्या, की तो आडवा. डोंगरानं गेले, मेले. बागेतनं गेले, मेले. नदीनं तर विचारायलाच नको. आणि गंमत बघा, ज्या दिवशी सगळ्या वाटांनी हरायचे त्या रात्री हे पोटभर जेवायचे. मला उशिरा उमगलं. ह्यांना हरायचंच होतं. दुसरी वाटच नव्हती, एवढं त्या घोंगडीनं एकदा कबूल करावं, बस्स. मग भाऊ नशिबानं गेला असता, ह्यांच्या शब्दानं नाही.

एक दिवस मी चुलीवर भाकरी टाकून बसले होते. तर हे हाक मारतात, “अगं, ये, तू चालीव.” भाकरी करपतेय आणि ह्यांना खेळ सुचतोय! मी तणतणतच गेले, लाल दोऱ्याचा शिपाई उचलला आणि आमच्या वाईला जातात तसा काठाकाठानं, भिंतीच्या आडोशानं नेला. हवालदार कवड्या हातात धरून बसले. भिंतीआड त्यांची बंदूक पोचेना. शिपाई पलीकडच्या गावात उभा राहिला.

“आयला, पोचला की रं!” हवालदार बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

हे म्हणाले, “पुन्यांदा.” पुन्हा पोचला. तिसऱ्यांदाही पोचला. तिकडं भाकरीचा कोळसा झाला.

“आवं, खेळ आहे तो,” मी म्हटलं. “भिंत काय, तुमी इथं उगीच लावली असंल.”

“भिंत तिथं हुती,” हे म्हणाले. “त्या दिवशीच्या नमुन्यावर बी म्याच लावली हुती.”

त्यानंतर ह्यांनी ताटाला हात लावायचा तो नुसता माझ्या समाधानासाठी. हवालदार यायचे, कवड्या खुळखुळवायचे, जायचे. मला त्या घोंगडीला काडी लावावीशी वाटायची. पण ती आत्याबाईंसाठी होती, आणि त्या रोज विचारायच्या, झालं का रं?

एका दुपारी त्या स्वतःच येऊन बसल्या. ह्यांनी घोंगडी उलगडली. “हितनं निघालो. त्या गावात पोचायचं हुतं.” जागा मात्र दाखवली नाही.

“माझा कंचा?”

ह्यांनी लाल दोऱ्याचा शिपाई दिला. त्यांनी तो पदरानं पुसला, जराशी मान तिरकी करून सगळा मुलूख बघितला आणि कुणाला काही न विचारता त्याला सरळ नदीत उतरवला. हवालदारांचा हात पुढं आला. ह्यांनी तो धरला.

आत्याबाई शिपायाला वाळूतनं चालवत होत्या, मेंढरामागं जातात तशा, सावकाश. मधेच थांबल्या. वाळूतनं एक चिंचोका वर आला होता.

“नीट चाळली न्हाईस व्हय गं वाळू?” त्या माझ्यावर डाफरल्या. चिंचोका उचलून त्यांनी बाजूला ठेवला. पुढं आणखी एक निघाला, तोही ठेवला. मग शिपाई गावात नेऊन उभा केला आणि ह्यांच्याकडं बघितलं.

“ह्यो बघ, पोचला. आपल्या नदीवानी तर हाय, लय सोपं. मंग माझ्या लेकराला अडवलं कुणी रं?”

हवालदार कुबडी शोधायला लागले. ह्यांनी खाली मान घालून घोंगडी गुंडाळायला घेतली, तसा आत्याबाईंनी तिच्यावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “आनी एकदा नेते त्याला.”