डावीकडे मिटलेली कडी

ल्युडेनशाइडच्या संग्रहालयात मागच्या खोलीत दर गुरुवारी एवाल्ड ब्रिंकशुल्टे भिंग घेऊन बसत. २००४ साली ते बहात्तर वर्षांचे होते. चाळीस वर्षं त्यांनी याच गावातल्या एका पदकांच्या कारखान्यात ठसे कोरले होते. लोक आजोबांची, काकांची लष्करी पदकं रुमालात गुंडाळून आणत. एवाल्ड आधी कडी पाहत. फीत ओवायच्या त्या कडीवर बनवणाऱ्याची बारीक खूण असते. कुणाचा मुकुट, कुणाची दोन अक्षरं. ती वाचली की पदक कुठलं आणि केव्हाचं ते सांगून मोकळे होत, आणि सहसा चुकत नसत.

मार्चमध्ये वाल्ट्राउट नीहोफ या बाई वडिलांचं युद्धातलं शौर्यपदक, लोखंडी क्रूस, घेऊन आल्या. त्यावर १९१४ हा आकडा. एवाल्डनी कडीला भिंग लावलं आणि ते हसलेच. कडीवर ओकचं पान होतं.

"हे पान मी कोरलंय बाई. छप्पन साली. आमच्या कारखान्याची खूण."

"म्हणजे क्रूस पहिल्या महायुद्धातला नाही?"

"कसा असेल? जुना हरवला की लोक नवा विकत घ्यायचे. त्यातलाच."

बाईंनी क्रूस उचलून हातात घेतला. "माझा भाऊ हेच म्हणतो. बाबा लढले कसले, तबेल्यात घोड्यांना खरारा करत होते, क्रूस दुकानातला. कागद बॉम्बहल्ल्यात जळाले. मी जन्मभर त्याच्याशी भांडले." त्यांनी क्रूस टेबलावर सरकवला. "ठेवा इथेच, तुमच्या संग्रहालयाच्या डब्यात." नाव-पत्ता वहीत लिहून त्या गेल्या.

एवाल्डचे कारखान्यातले जुने सोबती आल्फोन्स तिथे कॉफी ओतत होते. "स्वतःची सही दिसली की तू वरचं पत्र वाचतच नाहीस," ते म्हणाले.

"गप रे. कॉफी बघ, नुसतं पाणी."

पण ते बोलणं टोचलं. एवाल्डनी क्रूस घरी नेला आणि शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी पुन्हा पाहिला. या वेळी कडी सोडून. क्रूसाच्या माथ्यावरचं नाकं, ज्यात कडी अडकते, ते झिजून तारेएवढं झालं होतं. कडी मात्र होती तशी जाड. नाकं इतकं झिजायला वर्षानुवर्षं लागतात, आणि झिजवणारी कडी ही नव्हे. क्रूस जुना होता. कडी कुणीतरी नंतर बदलली होती.

मग त्यांनी कडीचा सांधा शोधला. कारखान्यात सगळे तो उजवीकडे ठेवून मिटत. हा डावीकडे होता, पकडीचा ओरखडाही उलट बाजूने. दुरुस्तीच्या टेबलावर डावखुरी एकच मुलगी होती. लोरे. तेव्हा तिचं आणि एवाल्डचं लग्न व्हायचं होतं. आता तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

क्रूस रविवारभर मीठदाणीशेजारी राहिला. सोमवारी ते बसने नीहोफबाईंकडे गेले.

"मी चुकलो," दारातच ते म्हणाले. "क्रूस त्या युद्धातलाच आहे. कडी तेवढी आमची."

बाईंनी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. "भावाला काय सांगू?"

"धातू जेवढं बोलतो तेवढंच. क्रूस कुणी दिला, कशासाठी, ते त्यावर लिहिलेलं नसतं. पण नाकं बघा. कुणीतरी हा अनेक वर्षं अंगावर बाळगलाय. कडी तुटली तेव्हा दुरुस्त करून घेतलाय. मिरवायला आणलेली वस्तू अशी झिजत नाही."

बाईंनी नाक्यावरून नख फिरवलं. "बाबा तो कोटाच्या आत लावायचे. आईला आवडत नसे म्हणून." मग त्यांनी विचारलं, "हे सांगायला एवढं बसने आलात? फोन केला असतात."

"कडी माझ्या बायकोने बसवलीय," एवाल्ड म्हणाले. "सांधा डावीकडे आहे."

बाईंनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. मग क्रूस त्यांच्याकडे सरकवला. "मग तुम्हीच ठेवा."

"छे. तुमच्या वडिलांचा आहे." त्यांनी तो रुमालात गुंडाळून बाईंच्या हातात दिला. "फक्त घासूनपुसून चकचकीत करू नका. कडी तर अजिबात नको."

"नाही करत," बाई म्हणाल्या. "पण माझा भरवसा नाही. अधूनमधून येऊन तपासत जा. रविवारी केक असतो."