आवाज वाढतो की कमी होतो?

तराजूकाकांना कोणी नुसता नमस्कार केला तरी ते आधी मागे वळून बघायचे. हा नक्की आपल्यालाच आहे ना? आणि आपल्यालाच असेल तर का बरं? एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. न सांगता दुकानात शिरायचं, पारड्याखाली हात घालायचा आणि तिथे चिकटवलेलं लोहचुंबक काढून दुकानदाराच्या नाकासमोर धरायचं. नोकरी संपली, सवय कुठली संपायला! घरात साबणाची वडी आली तरी ती आधी त्यांच्या छोट्या काट्यावर चढायची. डॉक्टरांनी ताप बघितला तर हे विचारणार, "हा थर्मामीटर शेवटचा कधी तपासलाय?" स्वर्गाच्या दारात गेल्यावर हे आधी बिजागऱ्या तपासतील, असं त्यांची बायको म्हणायची. म्हणायची म्हणजे शेजारणीजवळ. घरात नाही.

अशा माणसाला चर्चच्या मंडळीने एक काम अगदी शोभेल असं दिलं होतं. त्या मंडळीत नवा पंच निवडायचा तर आधी त्याच्या घरी भेट द्यायची जुनी रीत होती. एका जुन्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, ती घालून दिली होती. ज्याला आपलं घर चालवता येत नाही तो मंडळी काय चालवणार, असं त्यांचं म्हणणं. भेट न कळवता द्यायची. ज्याची चौकशी असेल त्याने बाहेर थांबायचं आणि घरच्यांना एकेक करून प्रश्न विचारायचे. शेवटचा प्रश्न सगळ्यांना तोच: "हा माणूस घरात आला की घरातला आवाज वाढतो की कमी होतो?" उत्तरं एका वहीत लिहायची. वहीत नाव नाही, फक्त माणसाचा धंदा आणि तारीख. आणि आपलं स्वतःचं पान कोणी वाचायचं नाही.

चौदा वर्षं काका स्वतः पंच होते आणि त्यातली दहा वर्षं घरभेटी त्यांच्याकडे होत्या. नऊ घरं त्यांनी पारखली. ज्या घरातून "कमी होतो" असं उत्तर आलं त्यांना पास केलं, कारण शिस्त म्हणजे शांतता, त्यात विचारायचं काय? दोघांना त्यांनी याच प्रश्नावर घरी बसवलं होतं.

दहावा होता मशीनवाला. शिलाई मशीन दुरुस्त करणारा, चाळिशीचा, बोटांच्या फटीत कायम तेल. लोकांना तो हवाच होता. काकांना मात्र पहिल्यापासून वाटत होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. एवढं चांगलं सगळ्यांकडून एका माणसाबद्दल ऐकायला मिळतं म्हणजे काय? पारडं इतकं सरळ राहत नाही हो, खालून कोणीतरी धरलेलं असतं.

मंगळवारी दुपारी चारला काका त्याच्या जिन्यात पोचले, तर गोंगाट तळमजल्यापर्यंत येत होता. वर पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. पोट उघडलेली पाच मशीनं, एका ताटलीत बॉबिनी, दुसऱ्या ताटलीत स्क्रू. त्याची बायको त्याला ओरडत होती की जेवायच्या टेबलावर परत तेलाची बुधली ठेवलीत म्हणून. कॉलेजातली मुलगी आईची बाजू घेत होती आणि म्हातारी सासू कोणाचीच बाजू न घेता दोघींपेक्षा मोठ्याने बोलत होती. मशीनवाला फडकं घेऊन मुकाट्याने टेबल पुसत होता आणि हसत होता.

"घरभेट," काका म्हणाले.

"या की!" मशीनवाला म्हणाला. "मी जातो बाहेर. दारात नको, दारात ऐकू येतं. फाटकापाशी थांबतो." आणि चप्पल घालून गेलासुद्धा.

काकांच्या मनात लगेच पाल चुकचुकली. इतक्या खुशीने जातो? म्हणजे घरच्यांना पढवून ठेवलेलं दिसतंय. त्यांनी मुद्दाम आधी सासूबाईंना गाठलं. म्हाताऱ्या माणसाला पाठ करून ठेवलेलं फार वेळ आठवत नाही.

"तुमचे जावई घरात आले की आवाज वाढतो की कमी होतो?"

"काय?"

काकांनी परत विचारलं, कानाजवळ तोंड नेऊन.

"मला बहिरीला आवाजाचं काय विचारता?" सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर कोण माझ्याशी ओरडून बोलणार? तो आला की मात्र ऐकू येतं बाई मला."

बायको म्हणाली, वाढतो. मुलगी म्हणाली, "वाढतो, काका. शेजारी तक्रार करतात. आम्ही दिवसभराचं सगळं बाबासाठी राखून ठेवतो ना." आपल्या बापाला ती 'तू' म्हणत होती, तेही काकांनी टिपून ठेवलं.

तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. गुरुवारी सकाळी ते परत गेले. दार वाजवलं नाही. जिन्यात उभं राहून कान दिला. जुनी युक्ती, दुकानदार गिऱ्हाइकाशी खरं कसं बोलतो ते बाहेरूनच कळतं. आत मशीन चाललं, थांबलं, परत चाललं. मग मुलीचा आवाज, "बघ, टाका सुटतोय. मी काल सांगितलं होतं, सुई उलटी बसलीय."

"थांब गं. वीस वर्षं सुया बसवतोय मी."

स्क्रू फिरल्याची किरकिर झाली. मग मशीनवाल्याचा आवाज: "खरंच की. उलटीच आहे. चुकलं माझं, आणि वर तुझ्यावर खेकसलो तेही चुकलं."

आणि आत तिघी खो खो हसल्या. तोही हसला.

काका जिना उतरले ते ओठ घट्ट मिटून. पोरीपुढे बाप माफी मागतो आणि घर त्याला हसतं! असा माणूस उद्या मंडळीत भांडण लागलं तर काय मिटवणार? घरी जाऊन त्यांनी वहीत लिहिलं: "घरावर वचक नाही. शिफारस नाही."

शनिवारी संध्याकाळी पंचांची बैठक होती. त्याआधी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत नव्या तरुण पाळकांनी ती वही वाचली.

"काका, एक विचारू? या प्रश्नाचं बरोबर उत्तर कोणतं?"

"म्हणजे काय! कमी होतो, हेच."

"असं कुठे लिहिलंय?"

काकांना राग आला. कालचा पोर आपल्याला शिकवणार! "दाखवतो," म्हणाले. पाळकसाहेब घंटेची दोरी बघायला बाहेर गेले आणि काका जुन्या पाळकांच्या बारीक अक्षरातली पहिली पानं काढून बसले.

पहिलं पान: 'सुतार. पत्नी म्हणते आवाज वाढतो. मुलं म्हणतात वाढतो. मान्य.' काकांनी चष्मा पुसला. तिसरं पान: 'शिक्षक. सगळे म्हणतात कमी होतो. त्यांची माणसं त्यांना भितात. ज्याला घरचे खरं सांगत नाहीत, त्याला मंडळी काय सांगणार? अजून नको.' काका पानं उलटत गेले, कुठेतरी उलटं सापडेल म्हणून. एकही सापडलं नाही. आणि त्याच भरात हात पुढच्या पानावर गेला.

'वजनमापे निरीक्षक. पत्नी म्हणते कमी होतो. सांगताना दाराकडे बघत होत्या. मुलगी, वय नऊ: बाबा आले की मी पलंगाखाली खेळते. माणूस सचोटीचा आहे, पण अजून नको. सहा महिन्यांनी परत जावे.'

त्याखाली वेगळ्या शाईत, पुढच्या पाळकांच्या हाताने एकच शब्द होता: 'मान्य.' जुने पाळक दोन महिन्यांतच बदलून गेले होते. परत कोणी आलंच नव्हतं.

काकांनी वही मिटली. चौदा वर्षं! खोटं वजन पकडत गावभर हिंडलो आणि आपणच न तपासलेलं वजन, ते पारड्यात घालून लोकांना मोजत बसलो.

घरी जाईपर्यंत मात्र त्यांना ते परत पटेनासं झालं. जुन्या पाळकांचंच काही चुकलं नसेल कशावरून? बायकोने त्या दिवशी रागात सांगितलं नसेल कशावरून? दारापाशी पोचून नेहमीसारखी हळूच किल्ली घालणार, तर आतून हसणं ऐकू आलं. एक मुलीचं. दुसरं कोणाचं? घरात परकी बाई कोण आली? त्यांनी कान लावला. मुलगी जाड आवाज काढून म्हणत होती, "हा थर्मामीटर शेवटचा कधी तपासलाय?" आणि ती परकी बाई हसून हसून "पुरे गं, पोट दुखतंय" म्हणत होती. बायको होती ती. स्वतःच्या बायकोचं हसणं त्यांना ओळखू आलं नव्हतं.

किल्ली फिरली. नळ बंद करावा तसं घर गप्प झालं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलीच्या हातात पुस्तक होतं. तेवीस वर्षांची मुलगी, नोकरी करणारी.

"मी घरात आलो की," काका दारातच म्हणाले, "आवाज वाढतो की कमी होतो?"

बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिने मुलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "का हो? कोणी काही बोललं का तुम्हाला? आम्ही कोणाला काही सांगितलं नाही हं."

हा संशय काकांच्या चांगल्या ओळखीचा होता. दुकानदारांच्या डोळ्यांत त्यांनी तो एकतीस वर्षं बघितला होता. आपल्या घरात तो आपणच पेरलाय हे कळलं आणि त्यांना रडू आलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. बायकोने पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

बैठकीत काकांनी आपला शेरा खोडला. "मशीनवाल्याला घ्या," ते म्हणाले. "आणि माझी घरभेट चौदा वर्षं अर्धवट राहिलीय. ती पुरी होईपर्यंत मी पंच नाही. पाठवायचं तर त्यालाच पाठवा." बाकीच्या पंचांनी लगेच माना डोलावल्या. सगळ्यांना माहीत होतं, असं त्यावरून दिसलं.

पुढच्या मंगळवारी मशीनवाला आला. काका बाहेर आले, दार लागलं. आत सगळं चिडीचूप. काकांचं डोकं आपोआप दाराकडे झुकलं. काय सांगत असतील? दोघींनी आधी ठरवलं तर नसेल? हा पठ्ठ्या मुद्दाम तर उकरून काढणार नाही? मग आतून मुलीचा आवाज आला, "खरं सांगू?"

काकांनी कठड्याला हात धरला आणि एकेक पायरी उतरत फाटकापर्यंत गेले, जिथे काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"काका, इथे उन्हात काय करताय?" शेजारीण म्हणाली.

"काही नाही. वर माझं वजन चाललंय."

बराच वेळ गेला. मग वरची खिडकी उघडली आणि मुलगी बाहेर वाकून ओरडली. आयुष्यात पहिल्यांदाच ती बापाला अशी रस्त्यावर ऐकू जाईल अशी ओरडत होती. "बाबा, वर या! अजून पुष्कळ आहे, पण ते मला तुमच्या तोंडावर सांगायचंय!"

काका निघाले. जिन्यात त्यांनी मुद्दाम चपला वाजवल्या, आपण येतोय हे आत कळावं म्हणून. दारापाशी थांबून त्यांनी बेल दाबली. आत बायको आणि मुलगी काहीतरी बोलत होत्या, आणि बेल वाजली तरी त्या बोलतच राहिल्या.