कल्लप्पाची शीग

अक्कलकोटकडच्या कल्लप्पाला कुठलंच माप सपाट देता येत नाही. शेर भरला की वर शीग हवीच. पाहुण्याच्या ताटातला भात ढासळेपर्यंत तो वाढणारीला थांबू देत नाही. ज्वारीच्या व्यवहारात हा मोठेपणा खपून गेला. टोमॅटोत खपेना.

टोमॅटो जातो प्लॅस्टिकच्या कॅरेटमधून, आणि टेम्पोत कॅरेटवर कॅरेट चढतं. कल्लप्पा कॅरेटसुद्धा शिगोशीग भरायचा. वरच्याचं बूड खालच्याच्या शिगेवर बसायचं, उरलेलं काम रस्त्यातले खड्डे करायचे. सोलापूरच्या बाजारात पोचेपर्यंत फुटलेल्या फळांच्या रसात चांगली फळंही न्हाऊन निघायची. अडत्या तिप्पण्णा बोट बुडवून म्हणायचा, "कल्लप्पा, माल आणलास का सार?" मग सगळ्यालाच फुटक्या मालाचा भाव. पीक पहिल्या नंबरचं, खिसा शेवटच्या नंबरचा.

यंदा बायकोनं, महानंदानं, निकाल लावला. "ह्या खेपेला रस निघाला, तर हितं ऊस लावायचा. सांगून ठिवते."

"उसाचा बी रसच निघतो की!"

"त्याचे पैसे तरी मिळत्यात."

 पिकत आलेल्या टोमॅटोशी कल्लप्पा कानडीत गप्पा मारतो. उसाशी काय बोलणार?

तोडणीला महानंदानं फळं पुरती लाल व्हायच्या आतच उतरवली आणि कॅरेटं स्वतः भरली, काठाच्या खाली. कल्लप्पाला बघवेना. "अगं, लोक काय म्हणतील? कल्लप्पाचं माप उणं!"

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. टेम्पो काय म्हणतो ते बगा."

बाजारात टेम्पो रिकामा झाला तरी फळी कोरडी. तिप्पण्णानं सवयीनं बोट घातलं, तेही कोरडंच बाहेर आलं. त्यानं आधी बोटाकडे पाहिलं, मग कल्लप्पाकडे. सौद्यात व्यापारी एकमेकांपेक्षा चढी बोली बोलले आणि पहिल्या नंबरचा भाव मिळाला.

सौदा पक्का होईपर्यंत कल्लप्पा थांबला. मग त्यानं घरापासून मांडीवर सांभाळलेली पिशवी उघडली आणि प्रत्येक कॅरेटवर ओंजळभर टोमॅटो रचू लागला.

"आता हे रे काय?" तिप्पण्णानं विचारलं.

"शीग. घरात काढून ठिवलेली. घ्या, तुमची तुमाला."

संध्याकाळी महानंदानं भाव ऐकला. उसाचं नाव काढलं नाही. रिकाम्या पिशवीबद्दलही काही विचारलं नाही. चहा मात्र कप भरून बशीत सांडेपर्यंत ओतला.