दुफियेने नानांना मारलं त्याची गोष्ट

कुमासीच्या असाफो भागात दुफियेचं एका खोलीचं ऑफिस होतं. शहरातली बारशांची, लग्नांची आणि मुख्य म्हणजे अंत्यविधींची निवेदनं लावणारी वेबसाइट ती एकटी चालवायची. बाई हुशार, हात चपळ. पण चूक आपलीही असू शकते, हे तिच्या गावीही नसायचं. कुणी तक्रार घेऊन आलं की उत्तर तयार, "तुमचा फोन जुना झालाय."

एके दिवशी तिने प्रत्येक निवेदनाच्या मधोमध, मजकूर आणि फोटो यांच्यामध्ये, वाढदिवसाच्या शुभेच्छांची पट्टी बसवली. त्यासाठी स्वतःची क्वेरी लिहिली, म्हणजे साइटवर नाव नोंदवलेल्यांपैकी आज ज्यांचा वाढदिवस आहे ते शोधून आणणारा कोड. त्या दिवशी कुणाचाच वाढदिवस नव्हता, पण रिकामी पट्टीही झकास दिसली. दुफियेने खुशीत तिखट तळलेली केळी मागवून एकटीने फस्त केली.

दुसऱ्या सकाळी दार धाडकन उघडलं. दारात निवृत्त हेडमास्तर नाना ओदुरो, खांद्यावर पांढराशुभ्र कपडा. मागे काळ्या कपड्यात हुंदके देणारी त्यांची मेहुणी.

"पोरी, मी मेलो का गं?"

"नाही नाना! का?"

"तुझी वेबसाइट तर हो म्हणते. आज माझा वाढदिवस, आणि सकाळपासून लोक फोन करून रडतायत. ही तेचिमानहून पहिल्या गाडीने आली. दार मी उघडलं, तर पडलीच बेशुद्ध."

"तुमचा फोन जुना..."

"माझा जुना, हिचा नवा. दोन्हीत मीच मेलोय."

"आणि भावोजींचं लग्नही लागतंय," मेहुणी डोळे पुसत म्हणाली. "अठ्ठावीस वर्षांच्या मुलीशी."

दुफियेने पानं उघडली. अग्येमान कुटुंबाच्या वडिलांचा अंत्यविधी: नाव त्यांचं, मजकूर त्यांचा, खाली हसरे नाना. लग्नाच्या निवेदनात नवरदेव नाना. बारशाच्या पाळण्यातही नाना.

तिने आधी तारखेवर संशय घेतला. तारीख बरोबर. मग क्वेरीने काय आणलं तेच पडद्यावर छापून पाहिलं. एकटे नाना, अगदी चोख. शेवटी तिने पट्टीच काढली; सगळ्यांचे फोटो जागेवर. पट्टी लावली, पुन्हा जिकडेतिकडे नाना. दुफियेने कपाळावर हात मारला.

"क्वेरीचं काही चुकलं नाही, नाना. ती तुम्हाला घेऊन आली. पण काम झाल्यावर 'आता मूळ पानाकडे परत जा' असं सांगणारी ओळ मी लिहायलाच विसरले. म्हणून पट्टीखालचं सगळं तुम्हालाच धरून बसलं."

"म्हणजे फोन ठीक होता."

"होता," दुफिये पुटपुटली आणि टाइप करायला लागली.

"थांब जरा!" नानांनी हात वर केला. "माझा चुलतभाऊ क्वाबेना. फुटबॉलच्या एका पेनल्टीवरून भांडलो, तेव्हापासून बोलत नाही. अजून त्याचा फोन आला नाही. तो रडतो का, तेवढं बघू दे."

"आणि अग्येमानांच्या बापाच्या जागी तुम्ही बसलाय, त्याचं काय?"

नानांनी हात खाली घेतला. "कर बाई. आधी ते कर."

ओळ लिहिली, पान उघडलं. बारीक मिशीचे म्हातारे अग्येमान आपल्या जागी परतले. तेवढ्यात नानांचा फोन वाजला.

"ओदुरोच्या बायकोला द्या हो..." पलीकडून क्वाबेना ओक्साबोक्शी रडत होता.

"तिला कशाला? मी बोलतोय. आधी कबूल कर, ती पेनल्टी नव्हती."

रडणं एकदम थांबलं. मग अशा काही शिव्या आल्या की मेहुणीने कान झाकले. नाना भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिले. मध्येच त्यांनी कपड्याच्या टोकाने नाक पुसलं.

शनिवारी दुफिये काळे कपडे घालून अग्येमानांकडे माफी मागायला गेली. थोरल्या मुलीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तो फोटो तू बदललास होय?"

"हो ताई. माफ करा, माझीच चूक."

"आमची आई रागावलीये."

"साहजिकच आहे."

"राहू द्यायचा होता म्हणते. आमचे बाबा जन्मात एवढे रुबाबदार दिसले नव्हते."