खिडकी लावून घेतलेला खोकला

माझी वहिनी शाळेचे गणवेश शिवायची. काज करण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. तिला टीबी झाला तेव्हा आमच्या अब्रूदार घराने तिच्यासाठी दोन गोष्टी केल्या. तिचा कप वेगळा ठेवला आणि तिच्या खोलीची खिडकी लावून घेतली.

टीबी कपाने पसरत नाही, बंद खोलीतल्या हवेने पसरतो, असं दवाखान्यातल्या नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण खिडकी उघडी ठेवली तर समोरच्या घरातल्या बाईला खोकला ऐकू गेला असता ना! दादा पदवीधर, मी कारकून. दोघा शहाण्यांनी मिळून खिडकीला खिळे ठोकले. लोकांना सांगितलं, कापडाच्या धुळीची ॲलर्जी आहे.

त्याच खोलीत माझी सहा वर्षांची चिमी काकूला सुईत दोरा ओवून द्यायची. वहिनी दोनदा म्हणाली, "भाऊजी, तिला आत पाठवू नका." मी म्हटलं, "तिचं येणं एकदम बंद केलं तर शेजारी विचारतील." असला मी बाप.

गोळ्यांनी वहिनीची लघवी केशरी व्हायला लागली. चार बिऱ्हाडांत संडास एकच. तो रंग बघून आईचं धाबं दणाणलं. "लोक बघतील गं! आता बरी दिसतेस की. बस झाल्या गोळ्या." दुसऱ्याच महिन्यात गोळ्या बंद झाल्या. दोन महिन्यांत खोकला परत आला, पहिल्यापेक्षा जोरात. खिडकी बंदच होती.

मग चिमीला ताप यायला लागला. तीन आठवडे उतरेचना, पोर नुसती सुकत चालली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणाला टीबी आहे का? खरं सांगा, तिचे उपचार त्यावर ठरतील."

दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर समोरची बाई बसलेली.

"आमच्या घरात? छे!" आई म्हणाली. दादा छताकडे बघत राहिला. मी चिमीच्या बुटाची नाडी बांधायला घेतली. ती बांधलेलीच होती. मला माझीच किळस आली.

"मला आहे टीबी," तोंडाला रुमाल बांधून आमच्या मागोमाग आलेली वहिनी दारातून म्हणाली. सासूचं बोलणं ती आयुष्यात पहिल्यांदा खोडत होती. "गोळ्या अर्ध्यावर सोडल्यात. पोर माझ्याजवळ बसायची. आधी तिला तपासा."

चिमीला तपासणीला आत नेलं. आई वहिनीकडे वळली.

"अगं, जरा हळू बोलता आलं नसतं?"